बोळ्याची आंघोळ

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते गच्चीवर. त्याआधी वर्षभर ते माझ्या समोरच्या दोन खोल्यांत राहत होते. जिन्यात भेटले तर मान लववून भिंतीला चिकटत आणि मला वाट देत, इतकीच ओळख. त्या दिवशी संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला वर गेले, तर हे गृहस्थ दोरीवरचा माझा टॉवेल गालाला लावून उभे. डोळे मिटलेले. मी घसा खाकरला. दुसरा कुणी दचकला असता. त्यांनी सावकाश डोळे उघडले आणि म्हणाले, "बाई, हा काठाला अजून दमट आहे. आज घडी घातलीत तर परवा कुबट वास मारेल."

मी जरा फणकाऱ्यानेच टॉवेल ओढून घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. परवा तो कुबट वास मारत होता.

टॉवेलवरून बोलणं सुरू झालं. ते एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होते. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, दवाखान्यांचे आणि सलूनचे नॅपकिन तिथे रोज गाड्या भरभरून येत आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन, गठ्ठे बांधून परत जात. गठ्ठे गाडीत चढण्याआधी शेवटचं एक टेबल असतं, तिथे हे उभे असत. पन्नासांच्या गठ्ठ्यातून मधलाच एक नग ओढायचा, उलगडायचा, हुंगायचा. वास आला तर अख्खा गठ्ठा परत धुलाईला. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. लॉन्ड्रीत त्यांना सगळे 'नाकवाले' म्हणत, थट्टेनं आणि मानानंही. गाडीचा ड्रायव्हर म्हणे, यांच्या नाकावर माशी बसत नाही, टॉवेल बसतो. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना हसायचं सोडून चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, संकोची माणूस आहे.

लग्न केलेलं नव्हतं. आई गेल्यापासून एकटे. पलंगावरची चादर अशी ताणलेली की पाहुण्यानं बसू की नको म्हणून उभंच राहावं. शर्ट सगळे एका रुंदीच्या घडीचे. मी शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गात दरवर्षी असा एखादा मुलगा असे: वहीला कव्हर, समास आखलेला, आणि ओळीत एक चूक झाली की पान फाडून सगळं पुन्हा लिहिणारा. वांड मुलांची मला कधी फारशी काळजी वाटली नाही. या मुलांची वाटे.

अशा माणसाच्या घरात कुत्र्याचं पिल्लू येईल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण आलं. एका लॉजवरून आलेल्या मळक्या चादरींचं बोचकं यंत्रात रिकामं करताना त्यातलं काहीतरी हललं. जेमतेम दोन महिन्यांचं पिल्लू, चादरींत गुरफटलेलं, ओलंचिंब, थरथरणारं. मुकादम ते फाटकाबाहेर सोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाकवाल्यांनी काही न बोलता एक नॅपकिन उलगडला, पिल्लू त्यात घेतलं आणि सुटी होईपर्यंत आपल्या टेबलाखाली ठेवलं. घरी आणलं तेव्हा ते चुरगळलेल्या फडक्याच्या बोळ्यासारखं दिसत होतं, म्हणून त्याचं नाव बोळ्या पडलं.

नंतरचे दिवस चांगले होते. समोरच्या दारातून मला बोलण्याचा आवाज येऊ लागला. एकट्या माणसाच्या घरातून बोलण्याचा आवाज यावा, याचं मला फार बरं वाटे. "अरे, ती माझी चप्पल आहे, तुझे दात कुठे आणि ती कुठे," असं काहीबाही चालायचं. पलंगावरची चादर सैल दिसू लागली. एकदा तर ते दोन वेगवेगळे मोजे घालून कामावर निघाले होते. मी सांगितलं, तर म्हणाले, "दुसरा साहेबांनी पळवलाय."

तीन आठवड्यांनी घरमालक वर आले. ते खालच्या मजल्यावर राहतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात "मी वाईट माणूस नाही" अशी करतात आणि खरोखरच नाहीत. पण जिन्यात कुत्र्याचा वास येतो, खालच्या भाडेकरूंनी दोनदा सांगितलं, त्यांच्या सौभाग्यवतींनी चारदा. महिनाअखेरपर्यंत वास गेला तर पिल्लू राहील, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय बघा, असं सांगून ते गेले. जाताना बोळ्याला थोपटलं आणि मग हात पँटला पुसला. ते पुसणं नाकवाल्यांनी पाहिलं.

त्याच संध्याकाळी ते बोळ्याला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. नुकतीच आंघोळ घातलेली, केस ताठ उभे. "बाई, जरा बघता का, वास येतोय का?"

मी म्हटलं, अहो, तुम्ही नाकवाले, आणि मला विचारता?

"आपल्या घरातला वास आपल्याला कळत नाही," ते म्हणाले. "परका माणूस लागतो."

मला ते पटलं. मी वाकून हुंगलं. थोडा येत होता. पण थोडा म्हणजे किती, हे कसं सांगायचं? चौतीस वर्षं मी जे केलं तेच तोंडातून निघालं. "दहापैकी चार," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. मोजता येणारी गोष्ट हाती आली की अशा माणसांना धीर येतो.

मग तो नेमच झाला. रोज संध्याकाळी सातला ते बोळ्याला आणत, मी हुंगून आकडा सांगे, ते घरी जाऊन कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहीत. आधी आठवड्यातून एकदा आंघोळ होती. आकडा पाचावर गेला तेव्हा दिवसाआड झाली. सहा झाला तेव्हा रोज. त्यांचा हिशेब सरळ होता. वास म्हणजे राहिलेला मळ. एका धुलाईत गेला नाही तर दुसरी धुलाई, साबण थोडा जास्त, पाणी थोडं गरम. चादरींच्या बाबतीत हे सव्वीस वर्षं खरं ठरलं होतं. लॉन्ड्रीतलीच साबणाची पूड ते चिमूटभर पाण्यात विरघळवत, बोळ्याला बादलीत उभं करत, डोक्यावरून तांब्या ओतत आणि टॉवेलनं खसाखसा पुसत. आंघोळीनंतर तासभर वास कमी असे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलेला.

माझी चूक मी इथे लिहून ठेवते. तो आकडा आंघोळींबरोबर चढत चालला होता. चार, पाच, सहा, पुन्हा सहा, सात. पहिलीतल्या मुलालाही दिसलं असतं. पण मार्क बिघडले की अभ्यास वाढवा, हे मी इतकी वर्षं आईबापांना सांगत आले होते की मुळात अभ्यासच चुकीचा चाललाय का, हे बघायची सवयच राहिली नव्हती. मी खरा आकडा सांगत होते, तेवढ्यावर माझं समाधान होतं. एकदा वाटलं होतं, खोटंच "तीन" म्हणावं, बिचाऱ्यांना एक रात्र झोप लागेल. नाही म्हटलं. उत्तरपत्रिकेत कुणाला फुकट मार्क दिले नाहीत, याचा मला थोडा अभिमानही आहे.

बोळ्या आता चपला पळवत नव्हता. बादलीचा आवाज आला की पलंगाखाली जाई. पोटाजवळची कातडी गुलाबी पडली होती आणि तिथून कोंड्यासारखं काहीतरी झडत होतं. तो सारखा डोकं झाडे. मग एका संध्याकाळी ते त्याला घेऊन आले तेव्हा त्याचं डोकं एका बाजूला कललेलं होतं, जणू कुणी काही सांगतंय आणि तो कान देऊन ऐकतोय. मी आकडा सांगितलाच नाही. म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरकडे, मी येते बरोबर. महिनाअखेरीला अकरा दिवस राहिले होते.

जनावरांचा दवाखाना दोन रस्ते पलीकडे, एका किराणा दुकानाच्या वर आहे. डॉक्टर तरुण मुलगी, केस वर बांधलेले, बोलणं तुटक. स्टीलच्या टेबलावर एक पांढरा टॉवेल अंथरलेला होता. त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका मी पाहिला, आणि नाकवाल्यांनी माझ्याआधी पाहिला असणार. त्यांच्या लॉन्ड्रीची ती खूण. हा टॉवेल कधीतरी त्यांच्याच टेबलावरून गेला होता.

डॉक्टरनं बोळ्याचा डावा कान उलटा केला. मी दोन पावलं मागे सरले. तिनंही मान वळवली, एवढा उग्र वास होता. नाकवाले तसेच वाकलेले राहिले, त्या कानापासून वीतभर अंतरावर. चेहऱ्यावर एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी ते पाहिलं आणि प्रेमानं माणूस काय काय सोसतो, असं काहीसं मनात म्हटलं.

आंघोळ किती वेळा घालता, डॉक्टरनं विचारलं. रोज, ते म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं, की या आठवड्यात दिवसातून दोनदा. तिनं पेन खाली ठेवलं. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं: पिल्लाच्या कातडीला स्वतःचं तेल असतं. ते रोज धुऊन काढलं की कातडी सुकते, भेगाळते आणि जास्तच वास मारते. महिन्यातून एक आंघोळ पुष्कळ झाली, तीही कुत्र्यांच्या साबणानं. मध्ये कधी चिखलात लोळला तर ओल्या फडक्यानं पुसायचं. पण खरं दुखणं ते नव्हतंच. डोक्यावरून ओतलेलं पाणी रोज कानात जात होतं आणि दुमडलेल्या कानात साचत होतं.

"वास कानात होता," ती म्हणाली, "आणि तुम्ही अंग धूत बसलात. इतकी घाण येत होती. तुम्हाला कळलं कसं नाही?"

ते मान खाली घालून उभे राहिले. वर्गात मारलेलं निमूट सोसणारी मुलं असतात, तसे. मला त्या मुलीचा राग आला, आणि माझा तर त्याहून.

तिनं औषध लिहून दिलं. थेंब दोन वेळा, अंगाला मलम. "आणि रोज सकाळी-संध्याकाळी कान हुंगायचा," ती म्हणाली. "आत्ता आंबूस वास आहे. तो कमी होत गेला पाहिजे. सडल्यासारखा यायला लागला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी आणायचं. आत गेलं तर ऐकू येणं जाईल. फारच आत गेलं तर पिल्लूही जाईल." त्यांनी मान हलवली. कळलं ना, तिनं विचारलं. त्यांनी पुन्हा मान हलवली.

आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही लेकीकडे कधी निघताय?"

उद्या, मी म्हटलं. तिकीट महिन्यापूर्वीच काढलेलं होतं. परत दहाव्या दिवशी.

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. बोळ्या त्यांच्या शर्टाच्या आत होता, कललेलं डोकं तेवढं बाहेर. तेवढ्यात खालून लॉन्ड्रीचा ड्रायव्हर वर आला. दवाखान्याचे वापरलेले टॉवेल न्यायची त्याची वेळ होती. नाकवाल्यांना बघून तो खूश झाला. "काय नाकवाले, आज इथे तपासणी? आता कुत्र्यामांजरांचे पण गठ्ठे परत पाठवणार का?" असं म्हणत तो आम्हाला वळसा घालून वर गेला. आम्ही खाली जाऊ शकलो असतो. त्यांनी बोळ्याचं डोकं शर्टात नीट सावरलं. मग ते वळले आणि परत वर चढले. काही विसरले असतील म्हणून मीही मागे गेले.

ड्रायव्हर टॉवेल पिशवीत कोंबत होता. डॉक्टर हात धूत होती. हे दारातच उभे राहून म्हणाले, "मला वास येत नाही."

डॉक्टरला वाटलं, आता येत नाही म्हणतायत. ती म्हणाली, येतोय हो, मला इथून येतोय.

"तसं नाही. मला कसलाच वास येत नाही. दोन वर्षं झाली. ताप आला होता, त्यानंतर." ते तिच्याकडे बघून बोलत होते, पण ड्रायव्हर मागे आहे हे त्यांना ठाऊक होतं. "मी कान हुंगला तरी मला कळणार नाही. बाई उद्या गावाला जातायत. हा आतल्या आत सडेल आणि मी शेजारी बसून राहीन. म्हणून सांगतो."

ड्रायव्हर हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. पिशवीचं तोंड त्याच्या हातात तसंच उघडं राहिलं.

माझ्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येऊन उभी राहिली. गच्चीवरचा टॉवेल, जो त्यांनी गालाला लावला होता, नाकाला नाही. मागच्या वर्षी त्यांचं दूध जळून भांडं काळं पडलं, धूर माझ्या दारात आला, मी धावत गेले तर हे शेजारच्या खोलीत पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी त्याला तंद्री म्हटलं होतं. आणि रोज संध्याकाळी सातला दारात उभं राहून विचारणं. दोन वर्षं हा माणूस शेवटच्या टेबलाशी उभा राहून टॉवेल नाकाशी धरत होता आणि गालानं तपासत होता. दमट कापड थंड लागतं, आणि दमट राहिलेलंच बहुधा कुबट होतं. कुबट नसलेला दुसरा एखादा वास असला तर? त्याची भीती उराशी घेऊन ते रोज कामावर जात असणार.

डॉक्टरचा आवाज बदलला. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, कामावर जाताना रोज सकाळी साडेसातला याला इथे सोडा, मी बघत जाईन, परतताना न्या. दवाखाना नऊला उघडतो, पण मी वरच राहते. ते म्हणाले, तुमच्या झोपेचं खोबरं होईल. ती म्हणाली, "होऊ द्या. माझंही चुकलंच. आधी विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी लेकीकडे गेले. तिथे नीट लक्ष लागलं नाही. लेक म्हणाली, आई, तू नातवंडांपेक्षा त्या कुत्र्याबद्दलच जास्त बोलतेस. मी फोन करायचं टाळलं, कारण काय विचारावं ते कळेना.

परतले तेव्हा महिनाअखेर होती. बोळ्या जिवंत होता. कातडीवर मलमाचे पांढरे चट्टे होते, पण डोकं सरळ झालं होतं. माझ्या पिशवीचा बंद त्यानं तोंडात धरला, तो मी त्याला ओढू दिला. मग नाकवाल्यांनी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन टाळी वाजवली. तो वळला नाही. उजवीकडून वाजवली, तेव्हा वळला. "तिसऱ्या दिवशी वास बदलला होता," ते म्हणाले. "डॉक्टरबाईंनी सकाळी ओळखलं, इंजेक्शनं दिली. जीव वाचला. कान नाही वाचला." आवाज साधाच होता, पण बोलताना त्यांचा हात त्या कानावरून फिरत राहिला.

लॉन्ड्रीतलं त्यांनीच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. दवाखान्यातून, बोळ्याला माझ्याकडे सोपवून, ते तडक कामावर गेले आणि मुकादमाला सगळं सांगितलं, ड्रायव्हरनं सांगण्याआधी आपण सांगावं म्हणून. मुकादम चकित झाला. ड्रायव्हर सकाळीच येऊन गेला होता आणि त्यानं चकार शब्द काढला नव्हता. पुढेही काढला नसता, असं त्यानं नंतर शपथेवर सांगितलं. म्हणजे गप्प राहिलो असतो तर चाललं असतं, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी बोळ्याला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाले, "इस्पितळाच्या चादरी असतात हो बाई." मुकादमानं मागची दोन वर्षं तपासली, तक्रार पूर्वीपेक्षा एकही जास्त नव्हती. तरी टेबलाला नाक हवं. तिथे आता दुसरा माणूस उभा राहतो आणि यांना घडी घालण्याच्या विभागात पाठवलं आहे. कुणी चिडवलं नाही. उलट सगळे त्यांना नावानं हाक मारू लागले, नाकवाले म्हणायचं ठरवून बंद केलं. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं, असं मला वाटतं. मी मात्र तेच नाव वापरते.

त्या संध्याकाळी घरमालक वर आले. दारातच थांबून त्यांनी खोल श्वास घेतला. "मी वाईट माणूस नाही," ते म्हणाले, "पण अजून येतोय."

नाकवाले म्हणाले, येत असेल, मला कळत नाही. डॉक्टरनं महिनाभर आंघोळ घालू नका म्हणून सांगितलंय.

"मग महिनाभर मी काय करू?"

"मी खिडकी उघडी ठेवतो," नाकवाले म्हणाले.

मालक खाली वाकले. बोळ्याच्या पोटावरची ती सोललेली कातडी त्यांनी पाहिली, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आकडे भरलेलं. हे कशाचं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ त्या चौकटी वाचत राहिले. "हे मी तारीख दिली म्हणून?" असं काहीसं पुटपुटले. जाताना म्हणाले, खालच्यांना मी सांगतो काय ते, आणि जिन्यातली खिडकीही उघडी ठेवा. यावेळी त्यांनी हात पुसला नाही.

याला आता दोन वर्षं होतील. आकडा सांगणं मी बंद केलं आहे. कान तेवढा रोज हुंगते आणि बरा आहे की नाही एवढंच सांगते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाकवाले बोळ्याला आंघोळ घालतात, मानेच्या वर पाणी जाऊ न देता. डोकं ओल्या फडक्यानं पुसतात. मग त्याला मांडीवर घेऊन एकेक कान गालाला लावून बघतात, कोरडा आहे की नाही ते.